परसों म्हणजे कधी?

शमशादआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गहू निवडत बसले होते. "मावशी, आपा गेल्या, सकाळी," त्यांची भाची शबाना म्हणाली आणि माझ्या तोंडून "बरं" एवढंच निघालं. बरं काय, बरं? माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का... पण तेच निघालं खरं, आणि फोन ठेवून मी पुन्हा गव्हातले खडे वेचायला लागले. दुपारी मातीला गावी गेले, रडले, परत आले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. बसलं तर उठावंसं वाटतं, उठलं तर कुठं जायचं ते कळत नाही. चाळीस वर्षांची मैत्रीण गेली, म्हणून असं होतंय, असं घरातले समजतात. मैत्रीण गेली हे खरंच, पण माझी तगमग एका शब्दाची आहे आणि ती इथं लिहिल्याशिवाय मला सुख लागायचं नाही.

आपांची नि माझी ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. भूमजवळच्या आमच्या गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं. आमच्या बौद्ध वस्तीतलं झाडून सगळं माणूस त्या कामावर होतं आणि गावातली मुसलमानांची पाच-सहा घरंही दाराला कुलपं लावून तिथंच पालं ठोकून राहिली होती. मी नववीतली, आईबरोबर माती वाहायला जायची. आपा माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. दुपारी सुकडी वाटायला आली की रांगेत मला पुढं ढकलायच्या आणि मुकादमाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "हिला आधी द्या, हिला साळंत जायचंय." त्यांचं लग्न ठरलेलं होतं. युसुफ नावाचा गवंडी, भूमचाच. दुष्काळात बांधकामं बंद पडली तसा तो हैदराबादेकडं निघून गेला. मग दोन-तीन वर्षं त्याचा पत्ताच नाही. आपा त्याचं नाव घेत नसत, पण पोस्टमन गल्लीत शिरला की हातातलं काम थांबायचं, हे मी पाहिलेलं आहे.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली. मी मॅट्रिक झाले होते, हिंदीच्या दोन परीक्षाही दिल्या होत्या, त्यामुळं मला चिठ्ठ्या लिहायचं काम मिळालं. आपा दूध मापायच्या, कॅन धुवायच्या. आमच्या वस्तीतली पहिली मॅट्रिक पोरगी म्हणून मला तेव्हा भारीच मिजास होती, ते आता कबूल करायला हवं. अशात एक दिवस युसुफचं पत्र आलं. आपा शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी पत्र पदराआड धरून माझ्यापुढं आणलं. त्या आठवड्यात त्या तापानं घरीच पडून होत्या, ताप उतरल्यावर पुन्हा कामावर येण्याचा तो पहिलाच दिवस. पत्र देवनागरीत होतं, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, अर्धं मराठी, अर्धं दखनी. काना-मात्रेचा पत्ता नाही. मला हसूच आलं. मी ते जसंच्या तसं वाचून दाखवायला हवं होतं... पण माझ्यासारख्या परीक्षा दिलेल्या मुलीनं असलं अशुद्ध वाचायचं? मी नजर फिरवली आणि आपली मराठीत अर्थ सांगून मोकळी झाले. "परवा गावात आला होता म्हणतो. तुमच्या घराला कुलूप होतं म्हणे. म्हणून परत गेला. आता येऊ का, असं विचारतोय."

आपांनी हातातलं माप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "परवा? सुमे, मी तर आठ दिस घरात पडलेली. कुलूप कुठनं आलं?"

"तसं लिहिलंय खरं," मी म्हणाले.

"मग खोटं बोलतोय त्यो. यायचंच न्हाय त्याला. लिही, येऊ नको म्हणावं."

मीच लिहिलं. सुंदर अक्षरात, शुद्ध हिंदीत लिहिलं. आपांनी त्याचं पत्र चुलीत घातलं. वर्षभरानं युसुफचं हैदराबादेत लग्न झाल्याचं कळलं. आपांनी लग्न केलंच नाही. स्थळं आली, त्यांनी कॅन घासता घासताच नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी ते गाणं आलं. सोसायटीचं दूध न्यायला टेम्पो यायचा, त्याच्या ड्रायव्हरनं टेपरेकॉर्डर घेतला होता. एका पुरुषाचा दुःखी आवाज, मागं गिटार, आणि धृपद असं: 'परसों की तो बात है, तू हँस के मुड़ी थी.' सिनेमातलं नव्हतं ते, पण महिनाभर रोज सकाळी माप होईपर्यंत तेच वाजायचं. दूध घालायला आलेल्या बाया ऐकत उभ्या राहायच्या आणि त्याचा अर्थ लावायच्या. कुणी म्हणे बायको मेलीय त्याची, कुणी म्हणे पळून गेली. शेवटी मला विचारलं, सोसायटीत शिकलेली मीच ना! मी चिठ्ठी फाडता फाडता निकाल दिला. "काही न्हाय. परसों म्हणजे परवा. परवा भेटली, आज दिसली नाही, म्हणून गळा काढतोय. येडा हाय."

आपा कॅनमधून हात काढून माझ्याकडं बघायला लागल्या. "परवा कसं? पुढं म्हणतोय की त्यो, दाराच्या कडीला गंज चढला म्हणून. दोन दिसांत गंज चढतो व्हय? परसों म्हंजे परसों. मागं कधीतरी. धा वर्षं झाली तरी परसोंच. आमची अम्मी कवा मेली? तू झालीबी नव्हतीस. पण आमी म्हणतो, परसों मेली." बाया हसल्या. "घ्या, मास्तरणीलाच शिकवलं आपानं," कुणीतरी म्हणालं.

मला हसू येईना. हातातली चिठ्ठी तशीच राहिली. युसुफनं पत्रात 'परसूं' लिहिलं होतं. त्या उकारालाच तर मी हसले होते! तो दुष्काळात आला होता... सगळी घरं तलावावर होती तेव्हा. कुलूप खरं होतं. माणूस खरं बोलत होता आणि मी त्याला माझ्या दोन परीक्षांच्या जोरावर खोटं ठरवलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. युसुफला पोरं झालेली, आता सांगून आपांच्या पदरात काय पडणार, असं मनाला समजावलं. खरं कारण ते नव्हतं. त्या मला सोडतील, ही भीती होती. माझ्या लग्नात त्या मांडवात दिवसभर राबल्या, माझ्या पहिल्या बाळंतपणात दीड महिना रोज येऊन मला न्हाऊ घातलं, आणि दर वेळी मी तोंड उघडलं की भलतंच बोलायची. "काय म्हणत व्हतीस?" त्या विचारायच्या. "काय न्हाय, पाणी तापलं का म्हणत होते." अशी वर्षं गेली. टेम्पो गेला, टेप गेला, सोसायटीही बसली. माझ्या डोक्यात ते धृपद मात्र चालूच राहिलं.

जाण्याआधी पंधरा दिवस आपांनी बोलावणं धाडलं. खाटेवर पार वाळून गेल्या होत्या. त्या दिवशी मी सगळं सांगितलं. पत्र, तो उकार, कुलूप, माझी मिजास, सगळं. ऐकायला कमी यायचं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगण्यासारखा छळ नाही. त्या आढ्याकडं बघत होत्या. मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "परसोंचीच बात हाय, सुमे." आणि शबानाला चहा टाकायला सांगितला.

आता मला सांगा, याचा अर्थ काय घ्यायचा? फार जुनी गोष्ट झाली, सोडून दे, असं म्हणाल्या? की माझ्यासाठी अजून ती परवाचीच आहे, असं? मी पुन्हा विचारू शकले असते. चहा पीत तासभर बसले होते की तिथं. धीर झाला नाही. आणखी एकदा येईन तेव्हा विचारू म्हटलं.

चाळिसाव्याला गेले तेव्हा शबाना ताटं मांडत होती. पुण्यात वाढलेली, हुशार, बोलायला चटपटीत पोरगी. तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, "शबाना, तुमच्या बोलण्यात परसों म्हणजे काय गं?"

"परवा. का हो मावशी?"

"लई वर्षांमागची गोष्ट असली तर?"

"मग त्याला परसों कोण म्हणेल?" ती हसून म्हणाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढच्या पंगतीकडं गेली. तिच्याच वयाची असताना मीही हेच सांगितलं होतं, एवढ्याच खात्रीनं.