मडगार्डला नमस्कार

आमच्या घरी मासे नवरा आणायचा, आणि तिथेच माझं डोकं फिरायचं. माणूस चांगला आहे, पण मासे घ्यायची अक्कल नाही. कोळीण टोपलीतून काढेल ते याच्या पिशवीत. कल्ला उघडून बघितला तर तिला वाईट वाटेल म्हणे. त्यामुळे समुद्राची गाज घरात ऐकू येत असूनही आमच्याकडे मऊ पडलेले बांगडे शिजायचे आणि मी ते तोंड वाकडं करून खायची. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढतात ती जागा पार खाली, पायी पोचेपर्यंत चांगलं ते संपलेलं. स्कूटरवर मागे बसून गेले तर हा "चल चल" करून मला मासा हातात धरू देत नसे.

तेवढ्यात दिराची मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची सायकल आमच्या पडवीत आली. शाळेत असताना मी सायकल चालवलेली, ती काही कुणी विसरत नाही. लाल मातीने साडी खराब होऊ नये म्हणून मी पुढे-मागे मडगार्डं बसवून घेतली. दसऱ्याला नवऱ्याने स्कूटरबरोबर तिलाही धुऊन, हळदकुंकू लावून हार घातला. दुसऱ्या दिवशी मी पिशवी अडकवून ऐटीत निघाले आणि आमच्याच कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी, करवंदीच्या जाळीत पडले.

कारण माझे पाय. ते फार लांब आहेत, माहेरी त्यांना वल्ही म्हणत. सायकल मात्र लहान चणीच्या मुलीची, त्यामुळे पुढचं चाक पायडलला अगदी चिकटून, आणि मडगार्डमुळे ते आणखी जवळ आलेलं. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. पण हळू जाताना हँडल खूप वळवलं की चाकाची मागची बाजू पायाकडे येते आणि पुढे असलेल्या पायाचा अंगठा मडगार्डवर आपटतो. आमच्या पाणंदीतून रस्त्याला लागताना गडग्यापाशी नेमकं तसंच वळण आहे.

पुन्हा गेले, पुन्हा पडले. मग चिडून मडगार्डच काढून टाकलं. तर अंगठा टायरला घासला, मी पडले ती पडलेच, वर निऱ्या लालभडक झाल्या. मडगार्ड परत बसवलं. नवरा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, मला उत्तम चालवता येते, सायकलच वाकडी आहे. कोपराला हळद लावलेली असताना असं बोलायला, पडलं तरी वरच राहणारं नाक लागतं, आणि ते माझं आहे.

शेवटी त्याने जाहीर केलं की आणखी एकदा पडलीस तर सायकल भावाकडे परत. हे मात्र मला लागलं. सायकल गेली की जन्मभर त्याच्या पसंतीचे बांगडे. रात्रभर मला झोप आली नाही.

सकाळी मी निघाले तेव्हा तो गडग्याला टेकून उभा. मी पडते कशी ते बघायला आलेला, दुसरं काय. मी वळले, अंगठा मडगार्डला लागला, आणि मी पडले. तो उचलायला आला नाही, नुसता बघत राहिला.

"पाय लागलो म्हणान पडाक नाय तू," तो म्हणाला. "हात सोडतंस कित्याक?"

मी जाळीतच बसून विचार केला. खरंच की. पाय लागला तेव्हा सायकल जेमतेम डुगडुगली होती. पण त्याच क्षणी माझा उजवा हात हँडल सोडून खाली मडगार्डकडे गेला होता, तिथून छातीशी येणार होता. पुस्तकाला, माणसाला, केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करायचा, ही आईने लावलेली सवय. हात मला विचारून जात नाही.

"दसऱ्याक तिका हार कोणी घातलो? तुमीच मां?" मी म्हटलं. "मगे पाय लागलो तर नमस्कार नको?"

यावर तो इतका हसला की त्याला गडगा धरावा लागला. मग मलाही हसू आवरेना, काटे टोचत असतानासुद्धा.

त्या दिवशी सायकल भावाकडे गेली नाही. घरापुढच्या खळ्यात त्याने ती धरली, मी वर बसले आणि तो हँडल इकडेतिकडे वळवत राहिला. तेव्हा कळलं की मी पावलाचा मधला भाग पायडलवर ठेवते, म्हणून अंगठा इतका पुढे जातो. चवड्यावर जोर दिला तर बराच मागे राहतो. डावीकडे वळताना डावा पाय पुढे ठेवायचा, उजवा मागे, आणि पायडल मारायचं नाही. उतारावर हे जमतं. राहिला हात. त्याचा उपाय मी काढला. निघण्याआधीच मडगार्डला वाकून नमस्कार करायचा, दिवसभरात जे काय पाय लागतील त्या सगळ्यांचा आगाऊ.

चार दिवसांनी मी रापणीवर पोचले. मासे अजून फडफडत होते. एकेक कल्ला उघडून बघत मी सौंदाळे निवडले, कोळणीशी मनसोक्त भांडले, आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही.

येताना मात्र चढ. चढावर पायडल मारावंच लागतं. गडग्यापाशी उजवीकडे वळले आणि डावा अंगठा धाडकन मडगार्डवर. हात शिवशिवला. आगाऊ नमस्कार झालाय, असं त्याला बजावत मी हँडल घट्ट धरलं आणि दात ओठ खाऊन वर आले.

नवरा दारात उभा होता. त्याने सगळं पाहिलं असणार. पिशवीकडे बघितलंही नाही. सायकल थांबताच तो वाकला, मडगार्डला हात लावला, आणि माझ्या वतीने तो स्वतःच्या छातीशी नेला.