मुनिराआपांची उलटी वजाबाकी

मुनिराआपा गुलमंडीमागच्या गल्लीत आमच्या शेजारी राहत आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवत. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांत तिथं मराठी वर्ग वाढले आणि उर्दूतून शिकलेल्या शिक्षिकांना मराठीतून गणिताची परीक्षा देणं भाग पडलं. नापास झाल्या तर नोकरी जाणार. हैदराबादेहून त्यांचे भाऊ कमरोद्दीन बोलावत होते, पण भावजयीच्या हाताखाली दिवस काढणं आपांना नको होतं.

मी तेव्हा नव्यानं लग्न होऊन आले होते, मराठी शाळेत शिकलेली. आपा दुपारी बीजगणिताचं मराठी पुस्तक घेऊन आमच्या ओसरीवर येत. 'क्ष + ३ = ८' म्हटलं की लगेच पाच. वजाबाकी आली की मात्र गाडी अडायची. '१२ − क्ष = ७' याचं उत्तर त्यांनी एकोणीस काढलं.

"पडताळा घ्या ना, आपा," मी म्हटलं.

"घेतला. एकोणीसमधून बारा गेले, सात राहिले. बरोबर तर आहे!"

माझ्या सासूबाई, सारजाबाई, तिथंच शेंगा फोडत होत्या. "काय गं, रोज त्या क्षला हुडकताय? जत्रंत हरवला का काय?"

"हरवला नाही, अम्मा," आपा हसून म्हणाल्या. "कितीचा आहे ते कळेपर्यंत त्याची जागा धरून ठेवायची. आपण जेवताना दस्तरख्वानावर पाहुण्याची धरतो तशी."

"मंग पाहुणा आला का?"

"आला की! या तुमच्या सूनबाई, माझ्या वहिनीच त्याला बसू देईनात."

मी म्हटलं, "आपा, बारा पेरू होते. काही खाल्ले, सात उरले. मग एकोणीस कसे खाल्ले?"

"बारा कुठं होते? होते ते क्ष. त्यातले बारा खाल्ले."

आम्ही दोघीही हट्टाला पेटलो. शेवटी मी पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. "बोट ठेवून वाचा."

आपांनी बोट ठेवलं ते थेट उजवीकडच्या सातावर. "सात बराबर क्ष, वजा बा..." बोट तिथंच थांबलं.

मराठी धडा त्या डावीकडून नीट वाचत. पण समीकरण दिसलं की नजर उर्दूच्या सवयीनं उजवीकडून निघे. बेरीज कुठूनही वाचली तरी उत्तर तेच, म्हणून चूक कळली नव्हती.

"या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवते मी. आता डोळ्यांना कोण शिकवणार?"

सासूबाईंनी शेंगदाण्यांची मूठ त्यांच्या हातात दिली. "तुमीच. दुसरं कोन?"

त्या दिवसापासून आपा समीकरणावर पोस्टकार्ड ठेवून ते डावीकडून हळूहळू सरकवत. उजवी बाजू दिसायचीच नाही, मग नजर तिथून निघणार कशी? परीक्षेत पोस्टकार्ड चाललं नसतं, म्हणून शेवटी शेवटी नुसता तळहात.

परीक्षा देऊन त्या टांग्यातून उतरल्या, तेव्हा डाव्या तळहाताला शाई लागली होती. "लई वजाबाकी होती, वहिनी. पर्यवेक्षकाला वाटलं असेल, बाई नक्कल लपवते. दोनदा हात उचलायला लावला."

निकाल लागला. आपा पास झाल्या. त्यांनी भावाला आमच्या ओसरीवर बसूनच पत्र लिहिलं, उर्दूत, झरझर, उजवीकडून. ईदला चार दिवस येईन, पुढं शाळा आहे.