राजमती मगदूम आणि डेडनचा तास

राजमती, हे वाचून तू म्हणशील, "एवढं कशाला लिहिलंस, फोन नव्हता का?" होता. पण फोनवर तू बोलू देत नाहीस. सत्तरी उलटली तरी समोरच्याचं वाक्य तूच पूर्ण करतेस. म्हणून तुझी गोष्ट मी, मैत्रीण असून, तिऱ्हाईतासारखी सांगते. मध्ये बोलायचं नाही.

तर ही राजमती मगदूम. सांगलीच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, निवृत्तीच्या समारंभातली शाल दुसऱ्याच दिवशी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली आणि आठवड्याभरात कंटाळली. नवरा आदगोंडा हळदीच्या पेढीवरून घरी आला की हिचं एकच, "मला कुणालातरी शिकवायचंय."

"मला सोडून कुणालाही शिकीव," तो हात जोडून म्हणाला, आणि त्यानंच कुपवाडच्या पारसला गाठलं. पारसच्या कारखान्यात मशिनखाली घालायचे रबरी पॅड बनतात. तिथल्या जेवणाच्या शेडमध्ये शनिवारी सकाळी कामगारांचा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. राजमती स्कूटरवरून यायची, हेल्मेट टेबलावर आपटायची, की वर्ग भरला.

वर्षभरानं पारसला ती शेड मालासाठी हवी झाली. "बाई, येत्या शनिवारी पुण्याच्या कंपनीच्या मॅडम माल बघायला येणार आहेत," तो म्हणाला. "आपला पॅड काय काम करतो हे पोरांनी इंग्रजीत नीट सांगितलं तर वर्ग राहील. नाहीतर शेड मला द्या."

राजमतीनं मनात हिशोब केला. शनिवार गेला तर उरलेले सहा दिवस कशाच्या जोरावर काढायचे?

पॅडचं सगळं काम एका क्रियापदात मावत होतं, डेडन. पण पाठांतर तिला मान्य नव्हतं. शब्द अंगाला लागला पाहिजे. त्या शनिवारी मॅडम यायच्या आधी तिनं पत्र्यावर हातोडा हाणला. शेड दणाणली. मग पत्र्याखाली पॅड घालून हाणला. धप्प!

"द पॅड डेडन्स द साउंड. आवाज मारला. हात लावून बघा, थरथरही मारली. औषध दुखणं मारतं, तिथंही डेडन. मारलं म्हणजे संपवलं नव्हे हां. धार गेली, जोर गेला."

"बाई, बायको रोज बोलती, आता कायच वाटत न्हाई," धनाजी म्हणाला. "ह्ये बी डेडनच का?"

"तेही डेडनच. घरी म्हणू नकोस."

बिराप्पा मात्र अडला. "आवं बाई, औषध तोंडात घातल्याबिगर कसं कळायचं?"

बाईंची तयारी होती. पिशवीतून तिनं अक्कलकाऱ्याची पिवळी फुलं काढली. दाढ दुखली की चघळतात ती. दुकानदार मुळी देत होता, पण राजमती जैन, कंदमुळाला हात लावत नाही, म्हणून शेजारणीच्या कुंडीतली ताजी फुलं. एरवी तिनं आधी स्वतः चाखलं असतं. पण त्या दिवशी चतुर्दशी, हिरवं काही तोंडात घालायचं नाही. न चाखताच तिनं एकेकाच्या हातावर अख्खं फूल ठेवलं. "चावा."

चिमूटभरानं भागलं असतं.

"बाई, जिभंला मुंग्या आल्या!"

"बाई, जीब कुटं गेली वं?"

पुढचं कुणालाच बोलता येईना. सगळे हनुवट्या धरून लाळ गाळत हसत सुटले, आणि नेमका तेव्हाच पारसच्या गाडीचा हॉर्न वाजला. मॅडम वेळेआधीच आल्या होत्या.

दीपमाला मॅडम शेडमध्ये शिरल्या. पारसनं ऐटीत धनाजीला पुढं केलं. "सांग रे."

"द प्याद... दे... देदंथ..." शर्टावर धार लागली. धनाजी बिराप्पाच्या गळ्यात पडला आणि दोघं हसून डुलायला लागले.

पारस पांढराफटक. "बाई, प्यायलेत हे?"

"प्यायले नाहीत, चावलेत!"

"काय चावलेत?"

"फूल!"

"मग तुम्ही खाऊन दाखवा."

"आज चतुर्दशी आहे. तू खा."

"मला काय वेगळी चतुर्दशी आहे?"

दोघं तेच फूल एकमेकांपुढं सरकवत राहिले. राजमतीला डोळ्यांपुढं शेडमध्ये रचलेली मालाची पोती दिसायला लागली. ती गर्रकन वळली आणि पाहुणीला वर्गातल्या आवाजात म्हणाली, "तोंड उघड."

मॅडमनी मुकाट्यानं उघडलं. चावलं. आणि पुण्याच्या मॅडममधून मूळची वडूजची पोरगी बाहेर पडली. "आगं आय आय आय! लय झोंबतंय की वं! ह्ये काय केलं?"

"इन इंग्लिश, प्लीज," राजमतीनं बोट वर केलं.

"दिथ... फ्लावल... देदंथ... द तंग!"

शेडनं टाळ्यांचा कडकडाट केला. धनाजीनं हातोडा उचलला, पॅडवरच्या पत्र्यावर हाणला, धप्प! "थेम! प्याद थेम!" तो ओरडला. मॅडम डोळे पुसत मान डोलवत होत्या.

"वर्ग राहू द्या," पारस म्हणाला. "पण बाई, खायचं काही आणायचं नाही."

तर राजमती, आता बोल. त्या फुलाची चव तुला अजून माहीत नाही. चतुर्दशी टाळून रोप घेऊन तू साताऱ्याला यायचं, आपण दोघींनी एकदमच चावायचं, म्हणजे एकदा तरी माझं वाक्य मला पुरं करता येईल, असं ठरलं होतं. पण तुझ्या भाच्याची गाडी इकडं येते ती शनिवारी, आणि शनिवारी तुझा वर्ग कधी बुडत नाही. मी रोपासाठी कुंडीत माती भरून ठेवली होती. तिच्यात आता मांजर झोपतं.