तिसऱ्या रांगेतल्या दोन नळ्या

कोपरखैरण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये शर्मिलाताई मकासरे सव्वीस वर्षं लोकांचं रक्त काढताहेत. त्यांची सुई टोचल्याचं कळत नाही, अशी त्यांची ख्याती. आणि नाव विचारल्याशिवाय त्या सुई हातात घेत नाहीत, ही त्यांची कुख्याती. दर आठवड्याला येणारा पेशंट असला, तरी बाईंचं सुरू व्हायचं, "पूर्ण नाव सांगा." एकदा सख्ख्या नवऱ्यालाही त्यांनी हेच विचारलं. नवऱ्यानं चिडून नावासोबत लग्नाची तारीखही सांगून टाकली, ती मात्र चुकली.

नगरकडच्या एका मिशन दवाखान्यात त्यांची आई आया होती. त्यामुळे प्रार्थना आणि स्पिरिटचा वास या दोन्ही गोष्टी शर्मिलाताईंच्या आयुष्यात एकदमच आल्या आणि दोन्हींत कधी भांडण झालं नाही. लॅबमधली त्यांची जोडीदार संघप्रिया मात्र अधूनमधून काडी टाकायची. तिच्या घरी देव नाही, बुद्धांची तसबीर आहे, आणि पुराव्याशिवाय ती चहासुद्धा गोड मानत नाही.

"ताई, खरं सांगा, तुमचा विश्वास देवावर जास्त का मशीनवर?"

"मशीनवर अजिबात नाही गं. म्हणून तर रोज सकाळी कंट्रोल लावते."

कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना. मशीननं त्याचं बरोबर उत्तर दिलं, तरच पुढची रक्तं आत जायची. सव्वीस वर्षांत बाईंनी एकही दिवस हे टाळलं नव्हतं.

अशा बाईच्या हातून चूक झाली, आणि तीही चर्चमध्ये.

त्यांची मराठी मंडळी दर रविवारी एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरते. ईस्टरआधीचे उपासाचे, म्हणजे लेंटचे चाळीस दिवस सुरू झाले, की अर्धी मंडळी उपाशीपोटीच उपासनेला येते. हे पाहून शर्मिलाताईंच्या डोक्यात एक कल्पना आली. उपाशी आहातच, तर साखर तपासून घ्या. दरवर्षी लेंटच्या पहिल्या रविवारी त्या स्वखर्चानं चाळीसेक जणांचं रक्त घेऊ लागल्या. हॉलमध्ये प्रत्येकाची जागा वर्षानुवर्षांची ठरलेली. पाहुणा चुकून कुणाच्या खुर्चीवर बसला, तर मालकीणबाई प्रार्थनेतही एक डोळा उघडा ठेवतात. म्हणून शर्मिलाताई शनिवारीच नळ्यांवर नावं लिहून ठेवायच्या आणि त्या खुर्च्यांच्या क्रमानं स्टँडमध्ये लावायच्या. रविवारी एकेक नळी उचलायची, रक्त घ्यायचं, पुढे सरकायचं. आपल्याच माणसांना नाव काय विचारायचं?

त्या वर्षी तिसऱ्या रांगेतल्या गिरजाबाई पारध्यांची साखर निघाली दोनशे ब्याण्णव.

गिरजाबाई पासष्टीच्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा तरणा मुलगा सौरभ आजारात गेला. तेव्हापासून त्या दर रविवारी येऊन बसायच्या, पण गाण्याला तोंड उघडायच्या नाहीत, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या नाहीत. देवाशी अबोला धरला होता, पण त्याच्या दारात बसूनच. साखरेचं कळल्यावर महिला मंडळानं त्यांच्यासाठी तीन आठवडे रोज गुडघे टेकले. औषध घ्यायला गिरजाबाई तयारच होईनात. शेवटी शर्मिलाताईंनी त्यांना जवळजवळ ओढतच लॅबमध्ये आणलं आणि पुन्हा रक्त घेतलं. साखर आली चौऱ्याण्णव.

त्या रविवारी गिरजाबाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीपुढे सांगणं. "मी त्याला सोडलं व्हतं, त्यानं मला सोडलं नाही," एवढंच त्या बोलल्या, आणि नऊ वर्षांनी त्यांनी प्रभुभोजन घेतलं. हॉलमध्ये डोळे पुसले नाहीत असं माणूस उरलं नाही. शर्मिलाताई तर हुंदके देऊन रडल्या. ईस्टरनंतर कळंबोलीला मोठी सभा होती. तिथं पाचशे लोकांपुढे गिरजाबाईंची साक्ष ठेवायचं पाळकसाहेबांनी तिथल्या तिथं ठरवलं.

सोमवारी बाई नाचतच लॅबमध्ये आल्या. संघप्रियानं सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीची काडी टाकली, "ताई, कंट्रोल लावला का?"

दुसरी कुणी असती तर रागावली असती. शर्मिलाताईंना ते पटलं. चमत्कार खरा असेल, तर त्याला तपासणीची भीती कसली? गिरजाबाईंच्या रक्ताची दुसरी नळी फ्रिजमध्ये होती. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एक चाचणी असते. देवानं परवा साखर काढून घेतली, तरी आधीच्या महिन्यांची खूण रक्तात राहायला हवी होती. आता हा चमत्कार कागदावर येईल, या आनंदात त्यांनी नळी मशीनला लावली.

सरासरी अगदी निरोगी माणसाची आली. त्यांनी कंट्रोल लावून पुन्हा पाहिलं. उत्तर तेच.

गिरजाबाईंना साखर कधी नव्हतीच. बाई स्टुलावर बसल्या. डोळ्यांपुढे तो रविवार उभा राहिला. तिसऱ्या रांगेवरचा कडेचा पंखा बंद होता, आणि उकाडा सहन न होणाऱ्या गिरजाबाई एक खुर्ची आत सरकल्या होत्या. कडेला बसली होती शेजारच्या खुर्चीवरची अस्मिता वडागळे. स्टँडमधल्या नळ्या मात्र आपल्या क्रमानंच निघाल्या होत्या.

"संघप्रिया," त्या म्हणाल्या, "दोनशे ब्याण्णव साखर घेऊन अस्मिता फिरतेय. आणि तिला मी नॉर्मल म्हणून कागद दिलाय."

पर्स उचलून त्या तशाच कळंबोलीला गेल्या. अस्मिता तिथल्या लोखंडबाजारात एका ऑफिसात कारकून. वय छत्तीस. टेबलावर पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, त्यातली एक संपलेली. ताईंना पाहून ती खुशीत उठली आणि ढगळ झालेला ड्रेस दाखवू लागली.

"ताई, लेंट मानवला बघा मला. सात किलो उतरले. ईस्टरनंतर पण उपास चालू ठेवणारे मी. रिपोर्ट तर तुमीच नॉर्मल दिलाय, मग टेन्शन कसलं?"

शर्मिलाताईंनी रिकाम्या बाटलीकडे पाहिलं; ही तहान आणि हे उतरलेलं वजन साखरेचंच होतं. पर्समधलं साखर मोजायचं छोटं मशीन काढून त्यांनी अस्मिताचं बोट हातात घेतलं.

"पूर्ण नाव सांग."

"ताई, मला ओळखत नाही का तुमी?"

"सांग बाळ."

मशीननं तीनशे चाळीस दाखवलं. त्याच दुपारी बाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आणखी महिनाभर असेच उपास चालले असते, तर ही चालत आली नसती, असं डॉक्टर म्हणाले. औषधं सुरू झाली. परतीच्या रिक्षात शर्मिलाताईंनी चूक आपली असल्याचं सांगितलं आणि माफी मागितली. अस्मितानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

एक माणूस वाचलं. पण दुसऱ्याचं काय करायचं, हे विचारायला शर्मिलाताई पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेब भला माणूस. ऐकताना ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

"अस्मिताला सांगितलंत, उत्तम झालं. पण मंडळीत सांगायलाच हवं का? गिरजाबाई नऊ वर्षांनी परत आल्यात. विश्वासाचं रोप आत्ता कुठं धरलंय. सभेतली साक्ष मी काहीतरी कारण काढून रद्द करतो. बाकीचं देवावर सोडा."

"साहेब, देवावर सोडायचं, तर निदान खरं तरी सोडू या," शर्मिलाताई म्हणाल्या. "त्याला आपल्या कामासाठी माझी चूक वापरायची गरज आहे का? माझा देव एवढा अडलेला नाही."

बोलून त्या उठल्या खऱ्या, पण त्या आठवड्यात त्यांना अन्न गोड लागलं नाही. आपण बोललो, की गिरजाबाई कायमच्या तुटणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. तरी गुरुवारी गिरजाबाईंच्या घरी जाऊन शर्मिलाताईंनी आधी त्यांनाच सगळं सांगितलं. गिरजाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी ऐकलं, निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली आणि आत निघून गेल्या.

रविवारी साक्षेच्या वेळी शर्मिलाताई पुढे गेल्या. नळ्या, पंखा, खुर्च्या सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. "लॅबमध्ये मी परक्यालाही नाव विचारते. इथं तुम्हाला विचारायची मला लाज वाटली. गिरजाबाईंना साखर नव्हती. तुम्ही त्यांच्यासाठी केलेली प्रार्थना खरी होती, माझा रिपोर्ट खोटा होता." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक म्हातारे कुजबुजले, "एवढं कशाला उकरायचं?" तिसऱ्या रांगेतली गिरजाबाईंची खुर्ची रिकामी होती.

पुढच्या रविवारीही ती रिकामी राहिली. ईस्टरलाही गिरजाबाई आल्या नाहीत. महिला मंडळातल्या दोघींनी शर्मिलाताईंशी बोलणं सोडलं. लॅबमध्ये संघप्रियानं काड्या टाकणं बंद केलं, आणि हे त्यांना सगळ्यात जड गेलं. "तुमी बरोबर केलं ताई," ती एकदा म्हणाली. "बरोबर केलं गं," बाई म्हणाल्या, "पण माझ्यामुळं एक बाई देवाला दुसऱ्यांदा मुकली." रोज सकाळी कंट्रोल लावताना त्या गिरजाबाईंसाठी प्रार्थना करत. ती लागू पडते की नाही, हे तपासायचं मशीन त्यांच्याकडे नव्हतं, आणि त्याची त्यांना तक्रारही नव्हती.

ईस्टर होऊन तीन आठवडे झाले. एका सकाळी साडेसातला लॅबचं दार उघडलं. अस्मिता आत आली, थोडी भरलेली, चेहऱ्यावर टवटवी. तिचा दंड धरून मागे गिरजाबाई.

"ह्या बयेला सुईची भीती वाटती," गिरजाबाई म्हणाल्या. "म्हणून दर टायमाला दवाखान्यात मीच घेऊन जाती हिला. आज हितं आणली. माझी साखर हिच्या अंगात निघाली म्हनल्यावर हिची काळजी मलाच नको का?"

"गिरजाबाई, मला माफ करा," शर्मिलाताई म्हणाल्या.

गिरजाबाई बाकावर बसल्या. पदरानं मान पुसली.

"सौरभच्या वक्ताला सगळे म्हनायचे, बरा हुतोय. डॉक्टर म्हनायचा, पाळक म्हनायचा, घरचे म्हनायचे. माझा जीव दुखू नये म्हनून. मी बी मानलं, अन् त्या दिवशी त्याचा डबा करायला घरी गेले. तवाच गेला तो. एकानं जरी खरं सांगितलं असतं पोरी, तर मी तितंच बसले असते त्याच्यापाशी." त्यांनी शर्मिलाताईंकडे पाहिलं. "अबोला धरला तरी मनातल्या मनात मी देवाला नऊ वर्षं एकच मागत व्हते. बरं करनारं नको, खरं सांगनारं मानूस दे. तुझ्यावर लई राग आला मला. मग कळलं, त्यानं दिलं की. रविवारी येती मी."

अस्मितानं बाही वर केली आणि न विचारताच आपलं पूर्ण नाव सांगितलं. शर्मिलाताईंनी सुई हातात घेतली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ती शेजारी पुढे केली.

"संघप्रिया, तू घे गं," त्या म्हणाल्या. "मला शीर दिसत नाहीये."