दुसऱ्या अंकाचा बेस

"दुसऱ्या अंकासाठी हिला तीन शेड वर घ्या," इंटरव्हलमध्ये सर म्हणाले आणि डबा माझ्यासमोर आपटला.

बेस म्हणजे चेहऱ्यावरचा पहिला थर. तो माणसाच्या कातडीला जुळवायचा असतो, बाकीचा मेकअप त्यावर बसतो. सरांचा डबा उघडला आणि माझं डोकंच सटकलं. गुलाबी! खुर्चीत बसली होती सुनीता. गंजाडच्या पाड्यावरची, काळीसावळी, कॉलेजात शिकणारी, आमच्या नाटकाची हिरॉइन.

नाटक सरांनीच लिहिलेलं, दिग्दर्शनही त्यांचंच. पाड्यावरची पोर कलेक्टर होते आणि हिणवणाऱ्यांची तोंडं बंद करते. २०१७ साल, डहाणूतली हौशी स्पर्धा, हॉल भरलेला. पहिल्या अंकात सुनीताने टाळ्या घेतल्या होत्या, त्याही स्वतःच्या रंगात.

"गोरी कशाला?" मी विचारलं.

"अहो ताई, कलेक्टर झालीय ती आता. प्रगती दिसायला नको?"

"परीक्षा पास झाली की कातडी बदलते का हो?"

"स्टेजचं शास्त्र असतं हे."

डोंबलाचं शास्त्र! पिवळ्या लाइटखाली तो बेस भिंतीला चुना फासल्यासारखा दिसतो.

सुनीता हळूच म्हणाली, "सर, आई समोर बसलीय. पहिल्यांदाच नाटकाला आलीय. मला ओळखणार कशी ती?"

"तू गप बस. नाहीतर दुसरा अंक रियाला देतो. तिचं सगळं पाठ आहे, आणि तिला हा डबाही लागत नाही."

रिया विंगेतून प्रॉम्प्टिंग करायची. सुनीता मात्र कॉलेज सुटल्यावर रोज तालमीला येत होती, शेवटच्या एसटीने घरी जात होती. तिने डोळे मिटले आणि चेहरा माझ्यापुढे केला. "लावा ताई."

तिच्या त्या दोन शब्दांनी मी पेटले.

"मी नाही लावणार. सर, तुम्हीच लावा. आणि लावताना तिला तोंडावर सांगा, का लावताय ते."

सरांनी तणतणत स्पंज उचलला. सुनीताने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. सरांचा हात काही पुढे जाईना. तेवढ्यात तिसरी घंटा झाली. सुनीता उठली, पदर सारखा केला आणि होती तशीच स्टेजवर गेली.

अंक रंगला. निकालात मात्र परीक्षकांचा शेरा आला: दुसऱ्या अंकात नायिकेच्या रंगभूषेत बदल जाणवला नाही. बक्षीस गेलं.

"बघितलंत?" सर माझ्यावर खेकसले.

बघितलं ना! त्या नाटकाला टाळ्या वाजवणाऱ्या परीक्षकांनाही कलेक्टर गोरीच हवी होती. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

त्या दिवशी पडदा पडल्यावर सुनीताची आई आत आली होती. लेकीचा चेहरा हातांत धरून म्हणाली, "साडी बदललीस, तरी मी लगेच वळखलं."

सरांनी मला पुन्हा बोलावलं नाही. धंद्यातला धडा एवढाच: नाटकवाल्याने कागदावर काय लिहिलंय ते नंतर वाचा, आधी त्याच्या डब्यातला रंग बघा.