पश्चिमेची भिंत

माळीकाकांचा एक स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. या माणसाला दुसऱ्याची बाग बघवत नसे. हेव्यानं नव्हे हो, हेवा करावा असं त्यांना कुणाचं काही दिसलंच नव्हतं. त्यांचे हात शिवशिवायचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत धीर नाही, अंगणात वाकून कुणाच्या तरी झाडाची वाळकी फांदी मोडलेली असायची, आणि वर यजमानालाच ऐकवायचं, "काय हो, झाड आहे की अडगळीची खोली?"

उभी हयात त्यांनी थंड हवेच्या डोंगरावरच्या एका मोठ्या बागेत काढली. पाणी घालायला म्हणून लागले आणि मुख्य माळी होऊन बाहेर पडले. तिथे दुपारपर्यंत धुकं, भिंतींना शेवाळ, आणि ऊन यायचं ते जावईबुवांसारखं, उशिरा आणि नखरे करत. त्यामुळे तिथलं सगळं शहाणपण एकाच गोष्टीत होतं, उन्हाला वाट करून द्या. भिंतीवर वेल चढू द्यायचा नाही, भिंत ओल धरते. झाडाचा गाभा मोकळा करायचा, उजेड बुंध्यापर्यंत उतरला पाहिजे. पाचोळा दिसला की उचलायचा, नाहीतर बुरशी आलीच. हे नियम आता डोक्यात राहिले नव्हते, हातात उतरले होते. आणि कशाला खोटं बोला, तिथे ते शंभर टक्के खरे होते. त्यांचे गुलाब बघायला लोक घाट चढून यायचे.

बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. नोकरी संपली तशी राहायची खोलीही सोडावी लागली, आणि काका आपल्या थोरल्या बहिणीकडे, खाली सपाटीवरच्या गावात आले. हे त्यांचं जन्मगाव. पण इथला उन्हाळा त्यांनी शेवटचा पाहिला तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. थंडी सरत आली होती. सकाळचं कोवळं ऊन गच्चीच्या कठड्यावरून उतरत होतं, हवा अशी की माणसानं उगाच फिरायला निघावं.

ताई एकट्याच राहायच्या. नवरा जाऊन जमाना झाला होता. त्या शाळेचे गणवेश शिवायच्या. घराच्या पश्चिमेच्या खोलीत खिडकीशी मशीन, शेजारी कापडांचे गठ्ठे, आणि दुपारी जेवण झालं की तिथेच फरशीवर चटई टाकून घटकाभर आडवं व्हायचं. असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

काकांनी बॅग खाली ठेवली आणि मागच्या बाजूला जाऊन पाहिलं तर कपाळाला हात लावला. खोलीची पश्चिमेची अख्खी भिंत एका रानवेलानं गिळली होती. कुणी लावला, कधी लावला, त्याचं नाव काय, ताईंना काही सांगता येईना. खिडकीवर त्याची झालरच लोंबत होती. कोपऱ्यातलं जुनं झाड छपरावर रेललेलं. वाफ्यांमध्ये घोटाभर पाचोळा, त्यात पाय टाकला तर आत मऊ आणि ओलं लागायचं.

"ताई, अगं या घरात तू राहतेस की पाली?"

"दोघीही राहतो. भांडत नाही आम्ही," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी शिडी लावली. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण काका वरून सांगत सुटले होते. ओल कशी चढते, मुळं भिंतीत कशी शिरतात, डोंगरावर एकदा एक अख्खी कमान कशी ढासळली. बोलताना चेहरा असा उजळला होता की बायको गेल्यापासून तसा कुणी पाहिला नसेल. ताईंनी तोंड मिटलं आणि आत जाऊन चहा ठेवला.

वेल गेला. झाडाचा गाभा मोकळा झाला, इतका की त्यातून पलीकडचं घर दिसू लागलं. पाचोळा गोळा करून गाडीनं बाहेर पाठवला आणि वाफ्यांभोवती काकांनी पांढरी खडी अंथरली. भिंतीला चुना मारला. अंगण असं लख्ख झालं की रस्त्यानं जाणारे थांबायला लागले. ताईंच्या खोलीत पहिल्यांदाच उजेड भरला.

"सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवला आज," त्या म्हणाल्या. हे खरं होतं, आणि त्यांना आनंदही झाला होता.

शेजारच्या घराची सून फाटकाशी येऊन बघून गेली. तिचे सासरे कमरेपासून लुळे होते, मागच्या खोलीत खाटेवर असायचे, आणि त्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवरही हाच वेल कुंपणावरून पसरलेला. "काका, आमच्याकडेही येता का? आजोबांना दिवसा दिवा लावावा लागतो." काका काय, कौतुकाचे भुकेले. हत्यारं घेऊन निघालेच. आजोबा खाटेवरून त्यांचं काम बघत राहिले, आणि खिडकी मोकळी झाली तेव्हा डोळे मिचकावत हसले. काकांनी सुनेला जाताजाता बजावलं, "वेल पुन्हा फुटेल, लगेच खुडायचा. म्हाताऱ्या माणसाला उजेड हेच औषध आहे, लक्षात ठेवा." ती मान डोलवत राहिली. माणूस ठामपणे बोलला की आपल्याला वाटतं, याला माहीत असणारच.

मग उन्हाळा लागला.

पहिले काही दिवस काकांनी टोपी घातली आणि विषय संपवला. पण खडी दुपारी डोळ्यांत घुसायला लागली. गुलाबाची कलमं त्यांनी हौसेनं लावली होती, त्यांची पानं कडेनं तपकिरी झाली, मग कागदासारखी कुरकुरीत. त्यांनी पाणी वाढवलं. पाचोळा नसल्यामुळे माती ते पिऊन घटकेत कोरडी ठणठणीत. एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांनी सहज भिंतीला हात टेकला आणि चटकन मागे घेतला. सूर्य बुडाला होता, तरी भिंत तव्यासारखी तापलेली होती. ते आत गेले. आतल्या बाजूनंही तीच कथा. ताई मशीनवर बसल्या होत्या, पदरानं मान पुसत.

तो वेल काय अडवून धरत होता, ते काकांना तिथेच कळलं. पण तोंड काय म्हणालं? "पहिल्या वर्षी जाणवतं. भिंत कोरडी झाली की बरं वाटेल." असं काही नसतं, आणि हे बोलताना त्यांना ते कळत होतं. आयुष्यात 'माझं चुकलं' हे शब्द त्यांनी कधी वापरलेच नव्हते, ऐन वेळी सापडणार कुठून?

तिथून पुढे मात्र त्यांचं लक्ष कशात लागेना. त्यांनी जुन्या चादरी भिजवून भिंतीवर सोडल्या. त्या बघता बघता वाळून खडखडीत व्हायच्या. भोपळ्याच्या बिया टोकल्या, झपाट्यानं चढेल म्हणून. कोंब वर आले आणि खडीच्या झळीनं त्यांनी जागेवर माना टाकल्या. काकांनी खडी उपसायला घेतली, तर दुपारी चक्कर येऊन खाली बसावं लागलं. वेल वाढायला किती काळ जातो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? जे त्यांनी एका सकाळी उतरवलं होतं ते चढायला पाच-सहा पावसाळे लागले असणार.

"मशीन पुढच्या खोलीत हलवू," ते म्हणाले.

"तिथे अंधार असतो. आणि शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचेत."

"मग दुपारी तरी तिथे पड."

"पडते रे, धाकट्या. तू नको एवढा जीव काढूस." पण पडायच्या नाहीत. काका बाहेर गेले की मशीनचा आवाज सुरू.

त्या दिवशी ते सावलीसाठी हिरवी जाळी आणायला बाजारात गेले. सगळ्या गावाला तीच हवी होती. एका दुकानात संपली, दुसऱ्यात संपली, तिसऱ्यानं थांबवून ठेवलं. जाळीची गुंडाळी खांद्यावर टाकून परत निघाले तेव्हा ऊन नेमकं पश्चिमेला कललं होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. फाटक उघडलं तेव्हा मशीनचा आवाज नव्हता. पडली असेल, बरं झालं, असं त्यांच्या मनात आलं.

ताई मशीनशेजारी फरशीवर होत्या. अर्धा शिवलेला सदरा हातात होता. काकांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. अंग भाजत होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. ताईंनी डोळे उघडले आणि काकांना म्हणाल्या, "आई, दार लाव, झळ येते."  कसं ओढत पुढच्या खोलीत नेलं, कसं पाणी ओतलं, शेजारच्या सुनेनं गाडी कधी बोलावली, त्यांना नंतर नीट आठवलंच नाही.

दवाखान्यात गार सलाईन, बर्फाच्या पिशव्या, पंखा. दुसऱ्या दिवशी ताई शुद्धीवर आल्या. ओळखायला लागल्या, पाणी मागितलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, चौकशी करणारी. "आजी, त्याच घरात राहता ना तुम्ही पहिल्यापासून? मग यंदाच असं काय झालं?"

काका खाटेच्या पायथ्याशी उभे होते. 

"ऊनच जास्त आहे यंदा," ताई म्हणाल्या. "आणि वय."

डॉक्टरीण पुढच्या खाटेकडे गेली. काकांनी स्टूल जवळ ओढलं.  मग विचारलं, "ताई, तुला ठाऊक होतं?"

"शिडी लावलीस तेव्हाच."

"मग अडवलं का नाहीस मला?"

"अडवलं असतं तर तू बॅग भरली असतीस. लहानपणापासून तुझं तेच. कुणी चूक काढली की घर सोडायचं." त्या जरा थांबल्या. श्वास पुरत नव्हता. "किती वर्षांनी घरात कुणी मोठ्यानं बोलत होतं. मला वाटलं, एक उन्हाळा काढीन मी."

काकांनी ताईंचा हात धरला आणि ते रडले. तिथे, सगळ्यांसमोर. ताईंनी हात सोडवून घेतला नाही.

त्या रात्री त्यांची लघवी बंद झाली. किडन्या गेल्या, असं सांगितलं. पहाटे ताई गेल्या.

अंत्यविधीला आलेले लोक म्हणत राहिले, वय झालं होतं, काम करता करता गेली, भाग्यवान. काका ऐकत राहिले. घरी येऊन ते पश्चिमेच्या खोलीत उभे राहिले. कापडांचे गठ्ठे तसेच. उजेड इतका, की हवेतली धूळसुद्धा मोजता यावी. आणि तिथे उभं असताना कुंपणापलीकडून आजोबांच्या खोकल्याचा आवाज आला.

ऊन पश्चिमेला कलत असतानाच त्यांनी शेजारचं दार वाजवलं.

सून बाहेर आली. तिचे डोळेही रडून सुजले होते. "काका, या ना. जेवलात का?"

"आजोबांना पुढच्या खोलीत हलवा. आत्ता."

"आजोबांना? का हो?"

"ती खोली माणसाला मारते."

ती गोंधळली, मग तिच्या चेहऱ्यावर कणव आली. "अहो, उलट किती छान उजेड येतो आता. आजोबा पेपर वाचतात. तुम्हीच तर म्हणालात, उजेड हेच औषध. गरम होतं थोडं, पण उन्हाळाच आहे."

"मी म्हणालो ते चुकीचं होतं," काका म्हणाले.  "ते डोंगरावर खरं होतं. इथे मी तो वेल काढला आणि माझी बहीण त्या भिंतीनं भाजून मेली. मी मारलं तिला. कळतंय का?"

"असं बोलू नये, काका. दुःखात माणूस स्वतःलाच बोल लावतो. तुमच्याएवढं झाडांतलं कळतं कुणाला इथे?" तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला. "जरा पडा जाऊन. संध्याकाळी मी जेवण आणते." आणि झळ आत येत होती म्हणून तिनं हळूच दार लोटलं.

काका बंद दारासमोर उभे राहिले. वेल काढताना त्यांचा एकेक शब्द तिनं झेलला होता, आणि आता एक शब्द तिच्या कानात शिरत नव्हता. आजोबा बिचारे काय सांगणार? सुनेला नसतं काम नको म्हणून तेही गप्प बसत असतील. अजून अख्खा महिना उन्हाळा बाकी होता.

ते घराला वळसा घालून मागे गेले. आजोबांच्या खिडकीखाली जमिनीवर बसले आणि त्या उघड्या भिंतीला त्यांनी पाठ टेकली. सदऱ्यातून चटका बसला. ते सरकले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली. वर सावली म्हणावी असं पानसुद्धा नव्हतं.

थोड्या वेळानं खिडकीत सून आली. "काका, उठा. अहो, काय करताय हे?"

"त्यांना हलवलं की उठतो."

"तुम्हाला काही झालं तर?"

"होईल ना. तुझे आजोबा ज्या भिंतीशी झोपलेत ती आणि ही भिंत एकच आहे, पोरी. मी फक्त बाहेरून बसलोय."

 काकांच्या डोळ्यांपुढे पांढरं पांढरं व्हायला लागलं होतं, कानशिलं ठणकत होती. खिडकीतून तिनं हात बाहेर काढला आणि तळवा भिंतीवर टेकवला. टेकवून ठेवायचा प्रयत्न केला, आणि झटक्यात काढून घेतला. मग आतून तिची हाक ऐकू आली, नवऱ्याला मारलेली, आणि पाठोपाठ फरशीवरून लोखंडी खाट ओढल्याचा आवाज.