माईचं रोह्याला येणं

माझ्या आईने, म्हणजे माईने, चार खंडांत मिळून सतरा बाळंतपणं केली आणि पेणहून रोह्याला माझ्याकडे यायला तिला बावीस वर्षं सवड झाली नाही. पेण-रोहा अंतर केवढं, हे आमच्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. नागोठणे जातं, निडी जातं आणि डुलकी लागायच्या आत रोहा येतं. पण जिथे जायला विमान लागत नाही, त्याला माई प्रवास म्हणत नसे.

बाबा गेले तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. अशा वेळी बायका जपमाळ घेतात. माईने पासपोर्ट काढला. भाचसुनेचं बाळंतपण मस्कतला होतं आणि तिची आई अंथरुणाला खिळलेली. माई गेली आणि असा काही गुण आला की पेणला रामवाडीच्या घरी नैरोबीहून, मेलबर्नहून, न्यू जर्सीहून फोन सुरू झाले. परदेशातल्या सुनेला दिवस गेले की सासूच्या आधी माईला कळायचं.

तिच्या बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा, वरच्या थरात पोह्याचे पापड आणि तळाला एक छोटी लोखंडी शेगडी. न्यू जर्सीत तिने त्या शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी केली. अलार्म वाजला आणि अग्निशामक दलाची माणसं दारात हजर. माईने त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "बाळंतिनीच्या खोलीत बूट घालून येत नाय," असं तिने मराठीतच सांगितलं आणि त्या धिप्पाड लोकांनी म्हणे बूट काढले. प्रत्येकाच्या हातात डिंकाचा लाडू असलेला फोटो आहे, म्हणून विश्वास ठेवावा लागतो.

"सव्वा महिना बाळाचा, उरलेला व्हिसा माझा," हा तिचा नियम. तिकडे केनियात सिंह जीपच्या टायरला पाठ घासत होता, मागची मंडळी देवाचं नाव घेत होती आणि माई पुढे बसून खाणाखुणांनी ड्रायव्हरला त्याच्या बायकोचा कितवा महिना ते विचारत होती. एकदा परतीच्या वाटेवर तुर्कस्तानात उतरून ती फुग्यातून आकाशात फिरून आली. "खालची मानसं मुंगीएवढी दिसत होती गो," तिने मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा रोह्यात भाकऱ्या थापत होते. मुंग्यांत माझीही नोंद झाली असणार.

माझी मागणी तशी किरकोळ होती. माईने एकदा माझ्या घरी यावं, दोन दिवस राहावं. भेटायचं तर दर वेळी मीच पेणला जायचे. बोलावलं की तिचं ठरलेलं उत्तर, "रोहा काय पळून जात नाय गो. कवा पन येईन." मला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, उपास झाले, मग आम्ही नवराबायकोने तो विषय मिटवला. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा, मी घरात शिकवण्या घ्यायचे. बाळंतपण नाही, तर माईचा दौरा नाही. "आमच्या गावाला विमानतळ नाही ना," असं मी शेजारणींना हसून सांगायचे. वाईट वाटायचं ते त्या गेल्यावर.

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. मी तिला न्यायला रामवाडीला गेले. उठायला आधार लागत होता, चार पावलांवर धाप लागत होती, तरी म्हणते कशी, "तुझ्याकडं नको." तेव्हा मात्र माझा तोल गेला.

"नैरोबीला चालतं, मेलबर्नला चालतं. माझ्याच घरात काय काटे पेरलेत?"

माई बराच वेळ चादरीची दुमड सरळ करत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या घरी येऊन मी करू काय? मला एकच काम येतं गो. तू चा करून देशील, मी पिईन, आनि मग दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघू. मला भ्या वाटायचं त्याचं."

जगभर एकटी हिंडलेली बाई लेकीपुढे रिकाम्या हाताने बसायला घाबरत होती, आणि मी बावीस वर्षं टोमणे मारत होते. मला स्वतःची लाज वाटली.

"मग बघू एकमेकींच्या तोंडाकडं," मी म्हटलं आणि तिचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

रोह्यात ती एकोणीस दिवस होती. मी चहा करायचे, ती प्यायची आणि आम्ही खरंच एकमेकींकडे बघत बसायचो. पहिले दोन दिवस फार जड गेले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुझी हनुवटी तुझ्या बाबांची हाय. मी कवा नीट बघितलीच नव्हती." त्यानंतर तिने पेणला परत जायचं नाव काढलं नाही.

ती गेल्याचं कळल्यावर जगभरातून फोन आले. शेवटी माई कुठे होती, काय करत होती, सगळ्यांना हेच हवं होतं.

"काही करत नव्हती," मी प्रत्येकाला सांगितलं. "माझ्या घरी बसली होती."